बिल वॉल्टन यांची स्मरणसभा बास्केटबॉलच्या कोर्टावर कशी भरवावी

अमेरिकेतील बास्केटबॉलपटू आणि नंतरचे समालोचक बिल वॉल्टन यांचे २७ मे २०२४ रोजी वयाच्या ७१ व्या वर्षी कर्करोगाने निधन झाले. ठाण्यात आणि नवी मुंबईत त्यांना मानणारी मंडळी संख्येने थोडी आहेत, पण ती आहेत आणि ती विखुरलेली आहेत. त्यांतील वयाने मोठ्या असलेल्यांनी त्यांचा खेळ जुन्या चित्रफितींमधून पाहिला आहे. तरुणांपैकी अनेकांनी त्यांना खेळताना पाहिलेच नाही, केवळ त्यांचा आवाज ऐकला, कारण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात रात्री ८ वाजता सुरू होणारा महाविद्यालयीन सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ९.३० ला सुरू होतो आणि तो ऐकत ऐकत रविवारचा नाश्ता उरकता येतो. या दोन्ही प्रकारच्या चाहत्यांनी एकत्र येऊन त्यांची आठवण जागवायची असेल, तर ती कशी जागवावी याविषयीचे हे मार्गदर्शन आहे.

आपल्याकडे स्मरणसभा म्हटली की प्रतिमेला हार, दोन मिनिटांचे मौन, चार-पाच भाषणे आणि आभारप्रदर्शन असा क्रम ठरलेला असतो. त्या क्रमात वाईट काही नाही, परंतु वॉल्टन यांच्या बाबतीत तो अपुरा पडतो. त्यांच्या आयुष्यात दोन अडचणी शेवटपर्यंत सोबत होत्या. एक म्हणजे त्यांचे पाय, जे वारंवार मोडले आणि ज्यांमुळे त्यांची कारकीर्द अर्ध्याहून अधिक वाया गेली. दुसरी म्हणजे त्यांची वाणी. वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत ते इतके अडखळत बोलत असत की चारचौघांत तोंड उघडणेच ते टाळत, आणि असा माणूस पुढे बोलण्यावरच पोट भरू लागला. म्हणून त्यांच्या सभेत आलेल्या प्रत्येकाने काही वेळ खेळले पाहिजे आणि काही वेळ बोलले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढची सारी आखणी याच एका गोष्टीभोवती केलेली आहे.

प्रथम दिवस ठरवावा. पुण्यतिथी २७ मे रोजी येते. त्या सुमारास ऊन आणि दमट हवा असह्य झालेली असते, शाळा-महाविद्यालयांना सुट्टी असते, निम्मी मंडळी गावी गेलेली असतात आणि वळवाचा पाऊस केव्हाही कोर्ट निसरडे करून टाकतो. त्यापेक्षा त्यांचा जन्मदिवस, म्हणजे ५ नोव्हेंबर, सोयीचा आहे, कारण तेव्हा हवा खेळण्याजोगी झालेली असते आणि अमेरिकेतील महाविद्यालयीन हंगामही त्याच दिवसांत सुरू होतो. काही वर्षी दिवाळी नेमकी त्या आठवड्यात येते, त्यामुळे नोव्हेंबरचा दुसरा किंवा तिसरा रविवार धरणे अधिक शहाणपणाचे ठरते. रविवार निश्चित करताना रेल्वेच्या मेगाब्लॉकची घोषणा अवश्य पाहावी. ठाण्याहून ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे ओलांडून वाशी-नेरूळकडे येणाऱ्या गाड्याच बंद असतील, तर ठाण्याची मंडळी येणार नाहीत आणि आली तरी खेळ संपल्यावर पोहोचतील.

जागेच्या बाबतीत कोर्ट आधी मिळवावे आणि सभागृह नंतर. नवी मुंबईतील अनेक शाळा-महाविद्यालयांकडे आणि मोठ्या गृहनिर्माण सोसायट्यांकडे बास्केटबॉलचे कोर्ट असते. शाळेचे कोर्ट हवे असल्यास मुख्याध्यापकांना पत्र देण्यापूर्वी क्रीडाशिक्षकांना भेटावे, कारण किल्ली, चेंडू आणि कोर्टाची खरी माहिती त्यांच्याकडेच असते. सोसायटीच्या कोर्टासाठी कार्यकारिणीला पंधरा दिवस आधी लेखी विनंती करावी आणि तीत बाहेरून किती लोक येतील, वाहने कोठे उभी राहतील, किती वाजता जागा रिकामी करून देऊ, हे स्पष्ट लिहावे. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी घ्यावी लागते. मात्र पंचवीस-तीस माणसांच्या सभेला ध्वनिक्षेपकाची गरजच नसते, सगळे मध्यवर्तुळात बसले की साधा आवाज पुरतो. चित्रफिती दाखवण्यासाठी कोर्टाजवळची एक बंद खोली लागेल, कारण दिवसाउजेडी प्रोजेक्टरचे चित्र दिसत नाही. ती सोसायटीचे सभागृह असो, शाळेचा वर्ग असो किंवा जवळचे समाजमंदिर, पडदे ओढता आले पाहिजेत एवढीच अट ठेवावी.

सभेपूर्वी एका पानाची माहितीपत्रिका तयार करून सर्वांना पाठवणे अत्यंत आवश्यक आहे, आणि हे काम आकड्यांची आवड असलेल्या व्यक्तीकडे सोपवावे. वॉल्टन यांच्याविषयी आदराच्या भरात पुष्कळ सैल विधाने केली जातात. त्यांतील सर्वांत जास्त ऐकू येणारे विधान म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संघाने, म्हणजे यूसीएलएने, त्यांच्या जोरावर सलग ८८ सामने जिंकले. विजयांची मालिका ८८ सामन्यांची होती हे खरे आहे, पण ती जानेवारी १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा वॉल्टन पहिल्या वर्षाला होते आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे. त्या हंगामातील १५ विजय त्यांच्या आधीच्या खेळाडूंचे आहेत. पुढच्या दोन हंगामांत प्रत्येकी ३० सामने खेळून एकही न गमावता ६० विजय झाले आणि तिसऱ्या हंगामातील १३ विजय धरून बेरीज ८८ होते. म्हणजे वॉल्टन यांच्या संघाचे विजय ७३ आहेत, आणि ७३ ही संख्या स्वतःच इतकी मोठी आहे की तिला फुगवण्याची गरज नाही. ही मालिका १९ जानेवारी १९७४ रोजी नॉत्र दाम या दुसऱ्या विद्यापीठाच्या मैदानावर संपली. यूसीएलए ७०-५९ असा पुढे होता, त्यानंतर प्रतिस्पर्ध्यांनी सलग १२ गुण केले आणि सामना ७१-७० असा गेला. पराभवाची ही ओळ पत्रिकेत ठेवावीच, कारण तिच्याशिवाय आधीच्या विजयांची किंमत कळत नाही.

दुसरी नोंद १९७३ च्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्याची. सेंट लुई येथे मेम्फिस स्टेटविरुद्ध वॉल्टन यांनी २२ पैकी २१ फटके बास्केटमध्ये घातले, दोन फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर मिळणारे मोकळे फटके, मारले आणि एकट्याने ४४ गुण केले. यूसीएलएने तो सामना ८७-६६ असा जिंकला. हे आकडे वाचून दाखवताना एक गोष्ट आवर्जून सांगावी, ती अशी की त्या काळात, १९६७ पासून १९७६ पर्यंत, अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळात डंकला बंदी होती. २.११ मीटर उंचीच्या खेळाडूला रिंगमध्ये चेंडू दाबून टाकण्याची मुभा नव्हती, तरी त्याचा केवळ एक फटका चुकला. आजच्या मुलांना मोठ्या खेळाडूची थोरवी डंकवरून मोजण्याची सवय असते, त्यांच्यासमोर हा एक तपशील ठेवला की ती मुले चित्रफीत वेगळ्या नजरेने पाहू लागतात. व्यावसायिक कारकिर्दीसाठी चार ओळी पुरेशा आहेत. व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या १९७४ च्या निवडीत पोर्टलँडच्या संघाने त्यांना सर्वप्रथम घेतले. १९७७ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध पहिले दोन सामने हरूनही पुढचे चार जिंकून पोर्टलँडने अजिंक्यपद मिळवले आणि त्या अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान वॉल्टन यांना मिळाला. १९७८ मध्ये ते संपूर्ण हंगामाचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. पुढे दुखापतींमुळे हंगामामागून हंगाम गेले, तरी १९८६ मध्ये बोस्टनसाठी राखीव खेळाडू म्हणून येऊन त्यांनी दुसरे अजिंक्यपद पाहिले. व्यावसायिक लीगच्या नियमित हंगामांत त्यांना एकूण ४६८ सामनेच खेळता आले.

आता प्रत्यक्ष सभेकडे वळू. तिची सुरुवात मोज्यांपासून करावी. वॉल्टन यांचे प्रशिक्षक जॉन वुडन हंगामाच्या पहिल्या दिवशी देशभरातून निवडून आलेल्या खेळाडूंना खाली बसवत आणि मोजे व बूट कसे घालावेत हे शिकवत. वॉल्टन यांनी हा प्रसंग आयुष्यभर सांगितला. आपणही सर्वांना कोर्टाच्या कडेला अनवाणी बसवावे आणि क्रीडाशिक्षकांनी किंवा एखाद्या अनुभवी खेळाडूने प्रात्यक्षिक दाखवावे. मोजा बोटांवरून चढवून करंगळीच्या बाजूला आणि टाचेपाशी हाताने चाचपायचा, सुरकुती राहिली असेल तर ती ओढून सपाट करायची. मग मोजा वरून ताणून धरून पाय बुटात सरकवायचा, म्हणजे आत जाताना तो पुन्हा गोळा होत नाही. नाडी केवळ वरच्या टोकाला खेचायची नाही, तर खालच्या छिद्रापासून एकेक जोडी घट्ट करत वर यायचे आणि शेवटी दुहेरी गाठ मारायची. सुरकुतीने फोड येतो, फोडाने सराव बुडतो, सराव बुडाला की सामना हातचा जातो, हे वुडन यांचे साधे कारण होते. आपल्याकडे दमट हवेत घामाने मोजे ओले होतात आणि सिमेंटच्या कोर्टावर पाय अधिक घासतो, त्यामुळे हा धडा येथे अधिकच लागू पडतो. मला या भागाचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटते. ज्या विद्यार्थ्याला पायांची एवढी काळजी घ्यायला शिकवले गेले, त्याच्याच पावलांच्या हाडांची जडणघडण अशी होती की ती पुन्हा पुन्हा तडकत राहिली आणि त्याला अनेक शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या. तरी त्यांनी तो धडा कधी टाकाऊ मानला नाही, उलट कृतज्ञतेने सांगितला. प्रात्यक्षिक देणाऱ्याने ही गोष्ट मोजे घालून झाल्यावर, घाई न करता, सर्वांना सांगावी.

त्यानंतर कोर्टालगतच्या भिंतीवर जमिनीपासून २.११ मीटरवर खडूने एक रेघ ओढावी आणि मुलांना तिच्याखाली उभे करावे. रिंग ३.०५ मीटरवर असते, म्हणजे वॉल्टन यांच्या डोक्यापासून रिंगेचे अंतर एक मीटरही नव्हते. एवढ्या उंचीचा खेळाडू सहसा रिंगेखाली थांबून गुण गोळा करतो. वॉल्टन यांचे वैशिष्ट्य असे की त्यांना पास देण्यात अधिक आनंद वाटे. रिबाऊंड, म्हणजे फटका चुकल्यावर परत उसळलेला चेंडू, हवेत पकडतानाच ते मान वळवून आपला मोकळा साथीदार शोधत आणि पाय जमिनीला टेकताच, पुष्कळदा त्याही आधी, चेंडू दोन्ही हातांनी अर्ध्या कोर्टापलीकडे फेकत. प्रतिस्पर्धी वळेपर्यंत दुसऱ्या टोकाला लेअप, म्हणजे रिंगेजवळ धावत जाऊन मारलेला फटका, झालेला असे. म्हणून स्मरणाचा सामना खेळताना एकच जादा नियम ठेवावा: रिबाऊंड घेणाऱ्याने ड्रिबल करायचे नाही, म्हणजे चेंडू आपटत पुढे न्यायचा नाही, पहिला पास त्यानेच बाहेर द्यायचा आणि तो न दिल्यास चेंडू समोरच्या संघाकडे जाईल. चार-चारांचे संघ करावेत, वयाने मोठे आणि लहान मिसळावेत, मुली व मुलगे एकत्र खेळवावेत आणि प्रत्येक डाव आठ मिनिटांचा ठेवावा, म्हणजे सगळ्यांची पाळी येते. पहिल्या डावात हा नियम सतत मोडला जातो. दुसऱ्या डावापासून खेळाडू रिबाऊंडच्या वेळी आपोआप कडेला पसरू लागतात, आणि पासची वाट मोकळी ठेवणे म्हणजे काय ते भाषणाविना समजते. गुडघ्याच्या किंवा पाठीच्या दुखण्यामुळे खेळता न येणाऱ्यांना गुणफलक, घड्याळ आणि पंचाची शिटी द्यावी. त्यांना केवळ खुर्चीवर बसवून ठेवू नये.

खेळ आटोपला की पाणी, लिंबू सरबत आणि पोहे किंवा उपमा एवढेच ठेवून मंडळींनी सावलीत वर्तुळ करून बसावे. या भागाची तयारी सर्वांत काळजीपूर्वक करावी लागते. वॉल्टन २८ वर्षांचे असताना त्यांची गाठ मार्टी ग्लिकमन या ज्येष्ठ समालोचकाशी पडली. ग्लिकमन स्वतः मुळात धावपटू होते आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या संघात निवडले गेले होते. त्यांनी वॉल्टन यांना सांगितलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या. विचारांचा वेग थोडा कमी करावा, मोठ्याने वाचावे, जे उच्चार अडतात ते ओळखून त्यांचा वेगळा सराव करावा, थोडक्यात फ्री थ्रोचा सराव करावा तसा बोलण्याचा करावा. वॉल्टन यांनी तो केला आणि १९९० च्या दशकात ते राष्ट्रीय वाहिन्यांवर समालोचन करू लागले. पुढे पाठीच्या कण्यावरील मोठ्या शस्त्रक्रियेमुळे त्यांना काम थांबवावे लागले, पण २०१२ पासून ते महाविद्यालयीन सामन्यांच्या समालोचनाकडे परतले, जिथे त्यांचे सहसमालोचक डेव्ह पॅश सामन्याचा धागा धरून ठेवत आणि वॉल्टन झाडे, नद्या, ज्वालामुखी आणि ग्रेटफुल डेड या त्यांच्या लाडक्या संगीतवृंदाविषयी बोलता बोलता पुन्हा खेळाकडे येत. काही प्रेक्षकांना ते बोलणे आवडत नसे, आणि सभेत कोणी तसे सांगितले तर त्याला थांबवू नये. चाहत्यांच्या सभेत प्रामाणिक नापसंतीलाही जागा असावी.

या वर्तुळातील नियम सर्वांना आधी सांगावेत. प्रत्येकाने दोन-तीन मिनिटे बोलावे, बसूनच बोलावे आणि एका ठरावीक आठवणीविषयी बोलावे. ‘महान खेळाडू’, ‘अष्टपैलू व्यक्तिमत्त्व’, ‘पोकळी निर्माण झाली’ हे शब्दप्रयोग कोणाच्याही सभेत चालतात, म्हणून ते येथे टाळावेत. त्याऐवजी सूत्रसंचालकाने विचारावे: तुम्ही त्यांना पहिल्यांदा कोठे पाहिले किंवा ऐकले, सोबत कोण होते, कोणता सामना होता, त्यांचे कोणते वाक्य किंवा कोणता पास अजून आठवतो. अशा प्रश्नांना उत्तर देताना लाजणारी माणसेही बोलती होतात. आणि जर कोणी अडखळत बोलणारे असेल, तर त्याचे वाक्य इतरांनी पूर्ण करू नये, ‘सावकाश बोल’ असे सांगू नये, घड्याळाकडे पाहू नये आणि वेळेची मर्यादा त्याच्यासाठी सोडून द्यावी. ग्लिकमन यांचा सल्ला ज्याला सराव करायचा आहे त्याच्यासाठी होता. ऐकणाऱ्याचे काम शांतपणे ऐकण्याचे आहे. आपल्या परिसरातील एखाद्या वाणीदोषतज्ज्ञांना या भागासाठी बोलावता आले तर सभेला फार मोठा अर्थ येईल, कारण अडखळणाऱ्या मुलांना घेऊन कोठे जावे हे अनेक पालकांना ठाऊक नसते.

नंतर बंद खोलीत चित्रफिती दाखवाव्यात, पण एकूण वीस मिनिटांपेक्षा अधिक नको. १९७३ चा अंतिम सामना, १९७७ च्या अंतिम मालिकेतील सहावा सामना, ज्यात त्यांनी २० गुण, २३ रिबाऊंड आणि ८ ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याचा फटका हवेतच अडवणे) केले, आणि त्यांच्या समालोचनाचा एक तुकडा एवढे पुरे होते. चित्रफिती अधिकृत वाहिन्यांवरून घ्याव्यात, सभेला तिकीट लावू नये आणि पडद्यावरचे दृश्य पुन्हा चित्रित करून कोणी पसरवू नये. शेवटचा तुकडा आवाज बंद करून पुन्हा लावावा आणि दोघा-दोघांच्या जोड्यांनी त्याचे मराठीत समालोचन करावे, एकाने चेंडू कोठे आहे ते सांगायचे आणि दुसऱ्याने मनात येईल ते बोलायचे. मराठी क्रीडासमालोचनाची वाट बाळ पंडितांनी आकाशवाणीवर क्रिकेटसाठी घालून दिली. बास्केटबॉलला तशी सवय अजून लागलेली नाही, आणि हा वेगवान खेळ मराठीत ऐकताना मजा येते. पास, रिबाऊंड, फाऊल, लेअप हे कोर्टावर बोलले जाणारे शब्द जसेच्या तसे वापरावेत. वॉल्टन यांच्या आवाजाची नक्कल कोणी करू नये, तसेच त्यांच्या नावावर फिरणारी वाक्ये मूळ ध्वनिफीत ऐकल्याशिवाय उद्धृत करू नयेत.

प्रतिमा ठेवायची असल्यास खेळतानाची आणि समालोचन करतानाची अशी दोन छायाचित्रे शेजारी ठेवावीत. एकच ठेवले तर निम्मे चाहते परके ठरतात. प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ आणि स्मृतिचिन्हे यांवर खर्च करू नये. वर्गणीतून ज्या कोर्टावर आपण खेळलो तेथे नवी जाळी बसवावी आणि ७ क्रमांकाचा एक चांगला चेंडू द्यावा. फाटक्या जाळीच्या रिंगेत चेंडू गेला की बाहेरून गेला याचा वाद रोज होतो, तो तरी मिटेल. बसवण्यासाठी शिडी आणि ती धरणारे दोघे जण आधीच ठरवून ठेवावेत.

बोललेल्या आठवणी एका वहीत लिहून घेण्याचे काम शक्यतो दोघांकडे द्यावे, म्हणजे एकाच्या हातून सुटलेले दुसरा टिपतो. बोलणाऱ्याने परवानगी दिली तरच त्याचे नाव लिहावे. सभेनंतर आठवडाभरात ती वही माहितीपत्रिकेसह क्रीडाशिक्षकांकडे किंवा सोसायटीच्या वाचनालयात ठेवावी, आणि पत्रिकेतील एखादा आकडा चुकल्याचे कोणी दाखवून दिले तर जुन्या आकड्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा व तारीख लिहावी.